जुन्या फोनांचा फोल्डर

कंपनीचं ॲप कुणाच्या फोनवर कितीदा बंद पडलं याची यादी योगिता रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या उघडायची आणि दुधाची पिशवी आली का हे दारातून बघावं तसं तिच्यावरून नजर फिरवून बंद करून टाकायची. गुरुवारी तिने ती नेहमीसारखीच उघडली आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. एकाच फोनवर ॲप त्रेसष्ट वेळा उघडलं होतं आणि त्रेसष्ट वेळा बंद पडलं होतं. नाव कुठेच नव्हतं, कारण नाव लिहायचा पडदा येण्याआधीच ॲप मरत होतं. नुसत्या वेळा होत्या. शुक्रवार, सकाळी सात पन्नास. सात एक्कावन्न. पुन्हा सात एक्कावन्न. दुपारी एक वाजून पाच मिनिटं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत. सोमवारी अकरा वेळा. कोण हा चिवट माणूस, असं मनात येऊन तिला थोडं हसूही आलं. मग तिने वेळांच्या वर लिहिलेलं फोनचं मॉडेल वाचलं. ते तिला वाचायची गरज नव्हती, ते तिला पाठ होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सेकंडहँड घेतलेला, उजव्या कोपऱ्यात काचेला तडा गेलेला, उन्हाळ्यात कानाला चटका देणारा तो तिचाच फोन होता. तिने आयुष्यातलं पहिलं ॲप त्याच फोनवर चालवलं होतं. एक बटण, दाबलं की ‘नमस्कार’ म्हणणारं. नोकरी लागल्यावर तिने तो नानांना, म्हणजे वडिलांना, दिला होता, आणि गेल्या दिवाळीला, पगारातून नवा कोरा फोन आणून, नानांकडून सोडवलाही होता. म्हणजे सोडवला असं ती समजत होती.

सुरतेत अशा मॉडेलचे फोन ढीगभर असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पण यादीत रविवारही होता. रविवारी खातं, म्हणजे नाना कापड तपासायला जातात तो लूमचा कारखाना, बंद असतं. सकाळी अकरा वीसला एकदा, अकरा तेवीसला एकदा. रविवारी अकरा वाजता ती न्हाऊन गोडादऱ्याच्या घराच्या मागच्या दारात केस वाळवत बसली होती, आणि नाना गच्चीच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीवर पाठमोरे बसले होते, मान खाली घालून, हातात काहीतरी धरून. बिडी ओढत असतील, माझ्यापासून लपवून, असं तिला वाटलं होतं, आणि बापाने आपल्यापासून काही लपवावं याची तिला गंमत वाटली होती. तिने ‘नाना, इकडे कसाले बसनात?’ असं ओरडून विचारलंही होतं, आणि ते दचकून उठले होते, आणि ‘काही नही, ऊन खाई ऱ्हायनू’ म्हणाले होते. मे महिन्यात कुणी ऊन खातं का? तेव्हाच कळायला हवं होतं. पण घरातल्या माणसांच्या बोलण्याकडे आपण कुठे एवढं लक्ष देतो, ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं चाललेलं असतं.

रोज संध्याकाळी ती विचारत होती. खात्यात ॲप सुरू होऊन आठ दिवस झाले, भाकरीचा पहिला तुकडा मोडताना विचारायची, ‘नाना, ते ॲप चाली ऱ्हायनं ना?’ आणि नाना ताटातून मान वर न करता म्हणायचे, ‘चालस ना. बेस चालस.’ आणि तिचं जेवण गोड व्हायचं. कारण ते ॲप एका अर्थी नानांचंच होतं. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, चेकिंगच्या तिरक्या काचेवरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट, वर स्टँडला फोन अडकवलेला. फोनचा कॅमेरा कापडाकडे बघतो, तार तुटलेली, तेलाचा डाग, विणीतली पट्टी असं काही दिसलं की टुण्‌ करतो आणि चेकरच्या नावावर ताका चढवतो. हे बघणं त्याला शिकवायला कापडाचे हजारो फोटो लागले होते, आणि कुठल्या फोटोत काय खोट आहे हे सांगायला एक माणूस लागला होता. ऑफिसात तिने ‘एक अनुभवी चेकर मिळाला आहे’ एवढंच सांगितलं. सहा महिने रोज जेवणानंतर तासभर नाना लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. बोट लावायचे, ‘आठे. आनि हाऊ डाग नही, हाई सावली शे.’ सुरुवातीला ते पडद्यावर तळहात फिरवायचे, कापडावर फिरवतात तसा, आणि मग हसायचे. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून कापड बघितलेला माणूस. त्यांचं ते सगळं बघणं तिने बेंगळुरूच्या एका कंपनीकडे पाठवलं, आणि तिथल्या लोकांनी त्याची एक बंद फाइल करून परत पाठवली. तयार, शिजवलेली, आत डोकावता न येणारी. बाहेरून नाव घेऊन हाक मारायची, ती उत्तर देते. उत्तर कसं शोधलं ते सांगत नाही. योगिताने ती प्रोजेक्टमध्ये आणून ठेवली त्या दिवशी तिला वाटलं होतं की नानांचे डोळे आता नऊ एमबीचे झाले. हे तिने नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बरं झायं, आते चश्मा नको.’

चूक कुठे आहे हे तिला यादी उघडल्यापासून पाचव्या मिनिटाला कळलं होतं. खरं तर मॉडेल वाचलं तेव्हाच. अशी बंद फाइल एकच येत नाही. नव्या फोनांसाठी वेगळी शिजवलेली असते, जुन्यांसाठी वेगळी. ज्याच्या त्याच्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात त्याची फाइल ठेवायची, नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. तिने दोन्ही ठेवल्या होत्या. मग एका मीटिंगमध्ये भूपेंद्रभाई म्हणाले की ॲप जड झालं आहे, कामगार माणूस एवढं डाउनलोड कशाला करेल, काहीतरी कमी करा. भूपेंद्रभाई म्हणजे कंपनीचे मालक, माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीचं वजन करून बघणारा. तेव्हा योगिता खुर्चीत मागे रेलून, पेन बोटांत फिरवत, गुजरातीत म्हणाली होती, ‘जुना फोननुं काढी नाखीए. आवा फोन हवे कोण वापरे छे?’ काढून टाकू, असे फोन आता वापरतं कोण? शेजारची चंचल हसली होती. आपलं गुजराती आता अगदी इथल्यासारखं येतं याचा योगिताला त्या क्षणी, त्या वाक्यातसुद्धा, थोडा अभिमान वाटला होता. तो अभिमान तिला आता जसाच्या तसा आठवला, पेनाच्या टोपणासकट, आणि कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

आणि गंमत अशी की ॲप नानांच्या फोनवर चढायलाच नको होतं. जुन्या फोनांचा फोल्डर पूर्ण रिकामा असता तर फोनने सरळ सांगितलं असतं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही, आणि नाना घरी येऊन म्हणाले असते की चढतच नाही. पण त्या फोल्डरमध्ये बारकोड वाचायची दुसरीच एक लहानशी फाइल राहून गेली होती. फोनने आपल्या नावाचा फोल्डर बघितला, त्यात काहीतरी आहे हे बघितलं आणि ॲपला विश्वासाने घरात घेतलं. मग ज्याच्यासाठी घेतलं त्याला हाक मारली तर आत कुणीच नाही. योगिता कितीतरी वेळ त्या फोल्डरकडे बघत राहिली. घरी तरी आपण काय वेगळं केलं, असं तिला उगीचच वाटून गेलं. पगार, सिलिंडर, मायचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं आणून ठेवलं. आणि त्यांनी आपल्याला हाक मारली असेल तेव्हा? असले विचार तिला आवडत नसत. ती उठून पाणी प्यायली.

पण मग नवा फोन कुठे गेला? तिने जिन्यात जाऊन मायला फोन लावला. शोभाबाईंना या वेळी मुलीचा फोन आला की आधी धसकाच बसायचा.

‘काय वं पोरी, तब्येत बरी शे ना?’

‘बरी शे. नानाना नवा फोन कोठे शे?’

‘नवा? तो कपाटमा शे ना, डब्बामा. मनी लगननी साडी शे, तिना खाले.’

‘वापरतस नही?’

‘खात्यामा किती धूय ऱ्हास! दोन दिवसमा खराब हुई जाई. तुना लगनमा काढसूत. दिवायीले मी हळदकुंकू बी लायेल शे त्याले.’

योगिताने फोन ठेवला. कुणावर चिडायचं हे तिला कळेना. त्यांच्या घरात नवी वस्तू कधी वापरायला आलेलीच नव्हती. स्टीलचे डबे नावं घालून माळ्यावर, चादरी पेटीत, आत्याने दिलेला कपांचा सेट पंधरा वर्षं पुठ्ठ्यात. पाहुणे आले की शेजारच्या जयश्रीकडून कप आणायचे. हे ती जन्मापासून बघत होती. आणि तरीही ती ॲप तपासताना खुशाल धरून चालली होती की नानांच्या खिशात नवा फोन आहे. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजण्यासारखं होतं. तिने ती करावी, जिच्या स्वतःच्या पहिल्या पगाराची पर्स अजून कागदात गुंडाळलेली आहे, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना.

ती जागेवर परत आली तर चंचल एक कागद घेऊन उभी होती. नानांचं खातं ज्यांचं, त्या शेठच्या दहा चेकरांचे आठ दिवसांचे आकडे. शेठला चेकिंगला सहाच माणसं ठेवायची होती. शनिवारी यादी जाणार, ज्यांचे आकडे कमी त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणायचं. हे योगिताला माहीत होतं. नानांच्याच शेठचं हे काम आपल्या कंपनीला मिळालंय हे कळलं तेव्हा तिला भीती वाटली होती, आणि ती भीती तिने या हिशेबावर घालवली होती की ज्याच्या डोळ्यांवर ॲप शिकलं त्याचे आकडे तर सगळ्यात वर असतील. कागदावर सगळ्यात खाली नानांचं नाव होतं, दगा भिकन. पुढे शून्य. मंगळवार शून्य, बुधवार शून्य.

‘योगिताबेन,’ भूपेंद्रभाई केबिनच्या दारातून म्हणाले, ‘आ काकानुं शुं करवुं? आठ दिवसथी झीरो छे. वापरतां ज नथी आवडतुं लागतुं.’ या काकांचं काय करायचं, त्यांना वापरताच येत नाही असं दिसतंय. त्यांच्या बोलण्यात टिंगल नव्हती, उलट थोडी कीवच होती, आणि तीच तिला सहन झाली नाही. तीन वर्षं ती या ऑफिसात होती. कुणी विचारलं की पप्पा काय करतात, तर ती म्हणायची, ‘टेक्स्टाइलमां छे.’ सुरतेत हे उत्तर फार सोयीचं असतं, त्यात चाळीस लूमचा शेठही बसतो आणि बारा तास उभा राहणारा कामगारही, आणि समोरचा आपल्या अंगावरचे कपडे बघून काय ते ठरवतो. ती नीटनेटके कपडे घालायची. खोटं ती एकदाही बोलली नव्हती. आता तोंड उघडलं तर शब्द कुठल्या भाषेतून येतील याचाच तिला भरवसा वाटेना, आणि आले ते गुजरातीतच आले, साधे, शाळेतल्यासारखे.

‘सर, ए काका मारा पप्पा छे.’ मग ती पुढे म्हणाली की त्यांना वापरता येतं, ॲपच त्यांच्या फोनवर चालत नाही, कारण जुन्या फोनांची फाइल मी काढली होती. असे फोन कोण वापरतं असं मीच म्हणाले होते ना, ते.

चंचलने कागद हळूच टेबलावर उलटा ठेवला. भूपेंद्रभाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. ‘केटला एमबी वधशे?’ किती वाढेल, एवढंच त्यांनी विचारलं. नऊ, ती म्हणाली. ‘तो नाखी दो ने,’ ते म्हणाले, घाला की मग; आणि आत गेले, आणि मग पुन्हा बाहेर डोकावून म्हणाले की खात्यात तू स्वतः जाऊन ये, फोनवर सांगू नकोस. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फोल्डर केला, त्याचं नाव अक्षर न्‌ अक्षर तपासलं, बेंगळुरूहून आलेली फाइल त्यात ठेवली, ॲप पुन्हा बांधायला लावलं. दहा मिनिटांचं काम. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती आणि ती विचार करत होती की नाना त्रेसष्ट वेळा काय समजून दाबत असतील. आपल्या अंगठ्याचंच काही चुकतंय, असं. सुतळीसारखा रापलेला अंगठा, रेशनच्या मशिनवरही उमटत नाही. पाचव्यांदा, दहाव्यांदा त्यांना कळलंच असेल की हे चालत नाही. मग घरी येऊन त्यांनी ‘बेस चालस’ का म्हणावं? नोकरी जात होती, ती दिसत होती. आणि उत्तर तिला माहीत होतं, ती उगीच स्वतःला विचारत होती. पोरीने केलेली वस्तू चालत नाही, हे नाना पोरीला सांगणार नव्हते. ते कुणालाच सांगणार नव्हते. ते शून्यावर घरी बसले असते आणि लोकांना म्हणाले असते की आता वय झालं.

रिक्षातून लिंबायतला खात्यात जाताना तिने दुपट्टा नाकाला लावला नाही. लहानपणी ती रोज जेवणाच्या सुट्टीआधीच इथे डबा घेऊन यायची. लूमचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच सुरू व्हायचा, आधी तळपायाला, मग दातांना, आणि आत गेल्यावर माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. नानांचं बोलणं त्यामुळेच तोकडं झालं असावं, तिला आज वाटलं. जे शब्द ओठांवरून ओळखता येतात तेवढेच त्यांनी ठेवले. तिच्याशी मात्र ते कानाशी येऊन बोलायचे. दहावीच्या निकालाला ते असेच वाकून कानात म्हणाले होते, ‘आते शिक, थांबू नको.’ तेवढंच. पुढे कॉलेज, इंग्रजी, गुजराती, आणि केव्हातरी ती वाकल्याशिवाय त्यांचं तोंड कानाशी पोचणार नाही इतकी उंच झाली.

सुट्टी संपत आली होती. लूम थांबलेले होते, त्यामुळे खातं अनोळखी वाटत होतं. नाना काचेच्या टेबलापाशी स्टुलावर बसून डबा पुसत होते. तिला बघून ते उभेच राहिले. ‘काय झायं? माय बरी शे ना?’ बरी आहे, ती म्हणाली, फोन द्या. त्यांनी खिशात हात घातला आणि तिथेच ठेवला. चेकिंगचे मास्तर आनंदाभाऊ, नानांसारखेच शिंदखेड्याकडचे, टाचणवही घेऊन जवळ येत होते. नानांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तो तडा गेलेला फोन चोरी पकडल्यासारखा तिच्या हातावर ठेवला. नव्या फोनबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. जुनं ॲप काढलं, नवं चढवलं, फोन स्टँडला अडकवला.

‘दगाभाऊ रोज म्हनतस नेट नही,’ आनंदाभाऊ तिला म्हणाले. ‘मी काय करू सांग? शून्य म्हनजे शून्य.’

‘नेटनं काही नही, मास्तर,’ योगिता म्हणाली. तिने ते मोठ्याने म्हटलं, टेबलांपाशी बसलेल्या बाकीच्या चेकरांना ऐकू जाईल इतकं, आणि अहिराणीत, ज्या भाषेत ती बाहेरच्या माणसांशी कितीतरी वर्षांत बोलली नव्हती. ‘चूक मनी व्हती. ह्या फोनमा जे टाकनं पडस ते मी टाकेलच नव्हतं. नानानी काही चूक नही.’

‘आसं काही नही, मास्तर,’ नाना घाईने म्हणाले. ‘फोनच जुना शे मना. पोरनी काय चूक? तिनं बेस करेल शे.’

आनंदाभाऊंनी वही उघडली. मग ते म्हणाले, ‘यादी शनवारले जाई. आज नि उद्याना ताका दिसनात, तं मागला आठ दिवसनं मी शेठले सांगस. नाव ठेवस. पन दिसाले पाहिजे,’ आणि वहीत काहीतरी खुणेने लिहून पुढच्या टेबलाकडे गेले.

‘उघडा, नाना,’ ती म्हणाली. नानांनी अंगठा पँटला पुसला. मग ॲपच्या चित्रावर टेकवला आणि लगेच मागे घेतला, तव्याला लागल्यासारखा, आणि वाट बघत राहिले. तिला समजलं की ते बंद पडायची वाट बघत आहेत. बंद पडलं नाही. नाव लिहायचा पडदा आला आणि नाना त्याच्याकडे नुसते बघत राहिले. तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे दिसू नये म्हणून ते चष्म्याची काच पुसू लागले. योगिताने पुढे होऊन, मास्तरांकडे पाठ येईल अशी उभी राहून, त्यांचं नाव लिहिलं. दगा भिकन. कॅमेरा जागा झाला. नानांनी ताक्याचं टोक काचेवर ओढलं, ट्यूबचा उजेड कापडातून वर आला, दोन हात, चार हात पांढरं सपाट कापड सरकलं, आणि फोनने टुण्‌ केलं. नानांचं बोट त्याच्या आधीच तिथे पोचलं होतं. तुटलेली तार होती, केसाएवढी. पडद्यावर नानांच्या नावापुढे एक आकडा उमटला.

त्या क्षणी भोंगा झाला आणि एकेक करत लूम सुरू झाले. जमीन थरथरायला लागली, स्टँडवरचा फोनही थोडा थरथरला. नाना कापड ओढायचं सोडून त्याच्याकडे बघत होते. काहीतरी बोलले. तिला ओठांवरून कळलं नाही, ती ओळख आता तिची मोडली होती, म्हणून ती वाकली, आणि नाना पुढे होऊन तिच्या कानाशी तोंड नेऊन, आठ दिवसांत पहिल्यांदा, विचारते झाले:

‘आते बंद नही व्हई ना?’

‘नही व्हई, नाना,’ तीही त्यांच्या कानात म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि ताका पुढे ओढला.